उंदराचा पाळणा

लक्ष्मीबाई नगरापासून एम्स हाकेच्या अंतरावर. तिथली रुग्णांची गर्दी सगळ्यांच्या ओळखीची. पण तिथल्या एनएमआर विभागात ४.७ टेस्लाच्या यंत्रात उंदरांचेही एमआरआय झाले आहेत. तिमारपूरच्या इन्मास संस्थेत तर ७ टेस्लाचं यंत्र वापरलं गेलंय. दवाखान्यातलं नेहमीचं यंत्र असतं दीड किंवा तीन टेस्लाचं. मग एवढ्याशा जिवाला इतकं जबर चुंबक कशाला?

हिशेब करू. माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅमचा, प्रयोगशाळेतल्या मोठ्या पांढऱ्या उंदराचा जेमतेम २ ग्रॅमचा. आपलं चित्र १ मिलीमीटर बाजूच्या ठोकळ्यांनी चालतं. उंदराला ०.१ मिलीमीटरचे हवेत. बाजू दहावा हिस्सा झाली की घनफळ हजारावा हिस्सा होतं, आणि ठोकळ्यातून येणारा सिग्नलही तितकाच घटतो. म्हणून चुंबक मोठं, आणि सिग्नल ऐकणारं तांब्याचं वेटोळं अगदी कवटीला लागून. ४.७ टेस्लाला ते सुमारे २०० मेगाहर्ट्झवर जुळवतात.

चुंबक विकत मिळतं हो. डोकं खातो तो पाळणा, म्हणजे उंदराला ज्यात निजवून आत सरकवायचं ती पन्हळ. माणसाला सांगता येतं, "हलू नका." इथे पुढचे दात एका दांडीत अडकवायचे, दोन्ही कानांशी आधार द्यायचा, सगळं प्लास्टिकचं, कारण लोखंड आत चालतच नाही. नाकावर भुलीच्या वायूचा मुखवटा. भूल दिली की एवढंसं शरीर भराभर गार पडतं. साधा विजेचा हीटर ठेवला तर चित्रात खरखर येते, म्हणून पाळण्याखालून कोमट पाण्याची नळी फिरवतात. पोटाखाली हवेची छोटी उशी. श्वासागणिक ती दबते आणि बाहेरच्या पडद्यावर रेघ उमटते. भुलीचं यंत्र चुंबकापासून लांब, त्यामुळे नळीही लांब: बाहेर मात्रा बदलली तरी ती उंदरापर्यंत पोचायला वेळ लागतो. ज्याने नळीची लांबी ठरवली, त्याच्या हातात तो जीव असतो.

हे सगळं कशासाठी? पूर्वी मेंदूला झालेली इजा पहिल्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी पाहायची तर प्रत्येक टप्प्याला वेगळे उंदीर मारावे लागत. टप्प्याला दहा म्हटले तरी तीस. आता तेच दहा उंदीर तीनदा निजवता येतात. प्राणी कमी वापरा, हा आग्रह रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच धरला होता.

पण पाळणा ढिसाळ असेल तर? श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात. मग चित्रात दिसतं ते इजेचं की भुलीचं, हे सांगता येत नाही. अशा वेळी ते दहाही फुकट जातात. म्हणूनच काही गट भूल टाळून उंदरांना कित्येक दिवस पाळण्याची आणि यंत्राच्या खडखडाटाची सवय लावतात, आणि मगच चित्र घेतात.