शिक्षकांच्या खोलीत काय शिजतं?

आज आम्ही मुलुंडहून बोलतोय. आपल्या गटांच्या बैठकीत शाळेचा विषय निघाला की वर्ग, पोषण आहार, शौचालय, गणवेश एवढ्यावर गप्पा होतात. शिक्षक मधल्या सुट्टीत जिथे टेकतात, त्या खोलीचं नाव कुणी काढत नाही. शहरात तिला स्टाफरूम म्हणतात. तिच्याशी आपला काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटायचं.

आमच्या एका सभासद ताईंची मुलगी चौथीत होती. तिला फळ्यावरचं नीट दिसत नाही, हे तिच्या बाईंच्या लक्षात आलं होतं आणि त्यांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं होतं. पाचवीत वर्गशिक्षक बदलले. मुलगी उंच, म्हणून ती शेवटच्या बाकावर गेली. दिवाळीपर्यंत ती अभ्यासात कच्ची ठरली, आणि शाळेत जायचं म्हटलं की पोट दुखायला लागलं. आता गंमत बघा, चौथीच्या बाई आणि पाचवीचे सर रोज एकाच खोलीत डबा खात होते. पण बदली तासांच्या वाटपावरून दोघांचं फाटलेलं, बोलणं बंद. दोघंही शिकवायला चांगले. नुकसान झालं ते पोरीचं. म्हणून आम्ही म्हणतो, स्टाफरूम हा आयांचाही विषय आहे.

गावाकडच्या बऱ्याच मैत्रिणी म्हणतील, आमच्या शाळेत दोनच शिक्षक, त्यांना कसली आलीय वेगळी खोली! खरं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला काय काय हवं याची यादी दिली आहे. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्ग, मुलामुलींना वेगळी शौचालयं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाची जागा, मैदान, कुंपण. मुख्याध्यापकांसाठी एक खोली आहे, तीच कार्यालय आणि तीच कोठीची खोली. शिक्षकांच्या खोलीचा त्यात उल्लेखच नाही. मुंबईत महापालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा भरतात, काही ठिकाणी सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत. टेबल एक, कपाट एक, माणसं दुप्पट. म्हणजे जागेची अडचण शहरातही आहे. त्यामुळे आम्ही खोली म्हणतो तेव्हा चार भिंतींपेक्षा शिक्षकांना एकत्र बसायला मिळणारा वेळ आणि बसण्याची रीत, हे आमच्या मनात असतं.

भांडणं कशावरून होतात? आपल्या गटात होतात त्याच गोष्टींवरून. कुणाला किती काम, आणि ते कुणी ठरवलं. एक शिक्षक रजेवर गेला की त्याचे तास कुणाला तरी घ्यावे लागतात. नवीन बाई नाही म्हणू शकत नाहीत, म्हणून दर वेळी त्यांच्याच गळ्यात. वर माहिती भरणं, याद्या करणं. दशवार्षिक जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शाळाबाह्य काम देऊ नये, असं तोच कायदा सांगतो; तरी कामं येतात आणि राग शेजारच्या खुर्चीवर निघतो.

हा बदली तासांचा भार आजचा नाही. सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या, तेव्हा ऑक्टोबर 1856 मध्ये त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. आपल्या मागे फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा आशय आहे. ‘न कुरकुरता करते’ एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत, तिला त्रास होतोय हे त्यांनी लिहून ठेवलं. आम्हाला ते महत्त्वाचं वाटतं.

भिंतीवर ‘हसतमुख राहा’ अशी पाटी लावून काही होत नाही. वाढदिवसाच्या केकनंही फारसं नाही. आपली पंचसूत्री आठवा: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि चोख हिशोब. आपल्या गटात भांडण मिटतं ते वहीमुळे, कारण कुणी किती घेतलं ते सगळ्यांना दिसतं. बदली तासांचंही तसंच. कुणी किती तास घेतले याचा तक्ता भिंतीवर लागला, की निम्मी कुजबुज थांबते. बसताना गोल बसावं. मुख्याध्यापक टेबलापलीकडे आणि बाकीचे समोर बाकांवर, अशी बैठक झाली तर ती सूचना ऐकण्याची सभा होते. आठवड्यातून अर्धा तास पुरे, पण त्यात परिपत्रकं वाचायची नाहीत, मुलांबद्दल बोलायचं. अमुक मुलगा आठवडाभर गप्प आहे, कुणाला काही कळलंय का?

जूनमध्ये जुन्या वर्गशिक्षकानं नव्याला मुलं ‘सोपवावीत’, हा आमचा आवडता उपाय. हजेरीपट समोर ठेवायचा, एका मुलाला दोन मिनिटं. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर 80 मिनिटं लागतात. वर्षाच्या सुरुवातीला एवढा वेळ काढणं अवघड नाही.

शिक्षक एकमेकांकडून शिकले तर काय होतं, हे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये दिसलं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्यासोबत तिथल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धत वर्गात उतरवली. मुलं जमिनीवरच्या आकृत्यांभोवती बसून शिकू लागली, आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. एका शिक्षकाला जमलेलं दुसऱ्यानं त्याच्या वर्गात जाऊन बघायचं, यात कमीपणा वाटला नाही तरच हे होतं. दोन शिक्षकी शाळांना केंद्राची शिक्षण परिषद हीच स्टाफरूम समजायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र चहा पिऊन मिटवायची नसते. बाईंना कुणी लैंगिक त्रास देत असेल, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान शाळेतल्या बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकतात. ‘शाळेचं नाव जाईल’ म्हणून त्यांना गप्प बसवणाऱ्यांत आपण नसावं.

आपण काय करायचं? सरकारी, जिल्हा परिषद-महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. तिथे आपण तपासणीला आल्यासारखं बोलू नये, आणि एका बाईंचं गाऱ्हाणं दुसऱ्या बाईंकडे नेऊ नये. ते आम्ही फार बघितलंय. सरकारी आणि जिल्हा परिषद-महापालिकेच्या शाळेला दरवर्षी पटानुसार समग्र शिक्षा अनुदान मिळतं. त्याचा खर्च ठरताना विचारा: शिक्षिकांसाठी कडी लागणारं, पाणी असलेलं शौचालय आहे का? जायची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाई आम्हाला माहीत आहेत. डोकं दुखत असताना कुणाशी गोड कसं बोलावं! त्याच्यानंतर पंखा, आणि प्रत्येकीला कुलूप लागेल असा एक कप्पा. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘शिक्षकांची बसायची सोय’ असं लिहून घ्या, आणि त्यावर काय ठरलं ते इतिवृत्तात आलं का, हे सही करण्याआधी वाचून बघा.