पट्टेरी मुंगीखाटीक

माळरानावरच्या बाभळीच्या काट्याला नाकतोडे टोचून ठेवणारा खाटीक पक्षी मराठी शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या झुडपांत त्याच्यासारखीच आकडेदार चोच असलेला एक पक्षी राहतो. लिनिअसने १७६४ साली त्याची गणना खाटकांच्याच प्रजातीत केली. पुढे तो निराळ्या कुळातला ठरला, तरी ‘अँटश्राइक’, म्हणजे मुंगीखाटीक, या नावात जुने नाते शिल्लक राहिले. त्यातली मुंगीही फसवीच आहे. या कुळातील काही पक्षी लष्करी मुंग्यांच्या फौजेमागून हिंडतात, ते मुंग्या खाण्यासाठी नव्हे, तर फौजेपुढे जीव घेऊन पळणारे किडे टिपण्यासाठी. पट्टेरी मुंगीखाटकाचा निर्वाह मुख्यतः नाकतोडे, सुरवंट, भुंगेरे यांवर चालतो. क्वचित एखादा लहानसा सरडाही त्याला चालतो.

नराच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे, मादी मात्र विटकरी. जोडपे वर्षभर एकत्र असते. नर शेंडी फुलवून गाऊ लागला, की सूर जलद होत जातात आणि शेवटी भुंकल्यासारखा एक ठसका येतो. मादी बहुधा त्याला साथ देते. अंडी उबवण्याचे काम दोघेही करतात.

आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघाने १९६४ साली सुरू केलेल्या लाल यादीत या पक्ष्याची नोंद ‘किमान चिंता’ या वर्गात आहे. पक्ष्याचा प्रदेश किती विस्तीर्ण, संख्या किती, ती किती वेगाने घटते, यांवरून हा वर्ग ठरतो. तेव्हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. परंतु ही चिंता पक्ष्यापुरती आहे, अरण्यापुरती नाही. पट्टेरी मुंगीखाटीक घनदाट रानातला रहिवासी नव्हेच. झाडे तुटून पडीक जमिनीवर झुडपे माजली, की तो तेथे सुखाने येऊन राहतो. त्याची भरभराट पाहून अरण्य सुखरूप आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे पडक्या वाड्यातील पारवे मोजून घराण्याची सुबत्ता ठरवणे होय.

याच कुळातला, चिमणीहूनही लहान असा एक करडा पक्षी ईशान्य ब्राझीलमधील अलागोआस राज्यात आहे. त्याला दाट रानाचा अंतर्भागच लागतो. उसाच्या लागवडीने तेथील अरण्य तुकड्या-तुकड्यांवर आले. १९८५ साली शास्त्राला या पक्ष्याची ओळख झाली, तेव्हा त्याचा आसरा जवळजवळ संपलेला होता. आज तो ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे. त्याच्या मुरिसी येथील रानाला २००१ साली संरक्षण मिळाले. त्याच रानातला, वाळल्या पानांतून किडे शोधणारा दुसऱ्या कुळातील एक तांबूस पक्षी १९८३ साली नोंदला गेला होता. तो २०११ नंतर कोणास दिसला नाही आणि २०१९ साली लाल यादीत त्याच्या नावापुढे ‘नामशेष’ असे लिहिले गेले.