स्वस्त कापडाची किंमत कोण मोजतो?

कपड्याच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवर तो कोणत्या देशात तयार झाला, एवढेच छापलेले असते. तो शिवणाऱ्यास किती वेतन मिळाले, याची नोंद तिथे नसते. परदेशी श्रमांविषयीच्या या नैतिक जबाबदारीचा प्रश्न नवा वाटत असला, तरी दीडशे वर्षांपूर्वी तो मुंबईच्या गिरण्यांसंबंधी विचारला गेला होता.

मुंबईतील गिरण्यांमधील दीर्घ कामाचे तास व बालमजुरी यांविरुद्ध १८७० च्या दशकात इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड उत्पादकांनी आवाज उठविला. त्यामागे करुणेपेक्षा स्पर्धेची धास्ती अधिक होती. तरीही त्यातून १८७५ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला आणि १८८१ मध्ये भारतातील पहिला कारखाना कायदा झाला. या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली. मात्र प्रौढांच्या कामाच्या तासांवर कोणतीही मर्यादा घातली नाही.

ही उणीव दाखवून दिली ती कामगारांनीच. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळ येथे सभा झाली. आठवड्याची सुटी, दुपारची अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि जखमी कामगारास बरा होईपर्यंत वेतन, या त्यांच्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९२० मध्ये राजनांदगावच्या गिरणी कामगारांनीही ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली कामाच्या तासांसाठी संप केला.

कामगारांचा आवाज नसेल तर काय घडते, हे २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात दिसले. ढाक्याजवळील सावर येथील ‘राणा प्लाझा’ ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेले होते. त्यामुळे खालच्या मजल्यांवरील बँक व दुकाने बंद राहिली. कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. तेथील काही कारखान्यांची परदेशी खरेदीदारांच्या नियमांनुसार तपासणीही झालेली होती. अभाव होता तो नकार देण्याचे बळ देणाऱ्या संघटनेचा.

त्यानंतर परदेशी कंपन्या व कामगार संघटना यांच्यात इमारत-सुरक्षेचा कायदेशीर बंधनकारक करार झाला. भारतातही २०२२ मध्ये तमिळनाडूतील दिंडिगुल येथे स्त्री कामगारांवरील अत्याचार रोखण्यासाठी असाच करार करण्यात आला.

दूरच्या ग्राहकाची सद्भावना आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. कपडा कोणत्या देशात शिवला गेला, याहूनही तो शिवणाऱ्यास धोक्याच्या वेळी ‘नाही’ म्हणता येते का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.