वही घेऊन विद्यार्थी दारात आला तर…

पांढरा कोट घातलेली दोन मुले दारात उभी राहतात. 'घरात माणसे किती? पिण्याचे पाणी कुठले?' घरातली आजी म्हणते, 'आधी गोळी द्या, मग नावं लिहा.' आजीचे काय चुकले?

हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, असे आता अभ्यासक्रमातच आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी तर कित्येक वर्षांपासून दत्तक गावात मुक्काम करून शिकतात. मात्र नुसत्या वह्या भरून गाव निरोगी होत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे दाखवून दिले. तेथे नवजात बाळे दगावत होती. दवाखाना दूर. तेव्हा ३९ गावांतील शिकलेल्या बायांनाच बाळाचे वजन व ताप बघायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकविले. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या इतर गावांच्या तुलनेत, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली जगापुढे आले. आपला जिल्हा झाला त्याच वर्षी! आज आशाताई ४२ दिवसांपर्यंत बाळंतिणीच्या घरी येतात, त्याचे मूळ याच कामात आहे.

म्हणजे शास्त्र डॉक्टरांचे, पण हात गावाचे. दोन्ही जुळले तेव्हाच बाळे वाचली.

आपण काय करावे?

* विद्यार्थ्याला खरी माहिती द्या. दारू, तंबाखू, घरातले बाळंतपण लपवू नका.
* तो अजून डॉक्टर झालेला नाही. त्याच्याकडे औषध मागू नका. कोणत्या दवाखान्यात जावे, ते विचारा.
* रक्तदाब मोजला तर आकडा कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.
* तपासणीत गावाचे काय दुखणे निघाले, ते ग्रामसभेत येऊन सांगा, असा आग्रह सरपंचांमार्फत धरा.
* आशाताई व अंगणवाडीताईंना सोबत ठेवा. विद्यार्थी शिकून जातील, त्या गावातच राहणार आहेत.

आजीला गोळी नाही मिळाली तरी चालेल, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर घेऊन ती मुले पुन्हा आली पाहिजेत.