पणजीच्या चर्चची घंटा

पणजीस येणाऱ्या पाहुण्याच्या नजरेत प्रथम भरते ते टेकडीच्या उतारावरील निष्कलंक मातेचे पांढरेशुभ्र चर्च आणि त्याकडे वळणे घेत चढणारा जिना. हे सारे एकाच काळी रचले गेले असावे, असा त्याचा समज होतो. तो खरा नव्हे. १५४१ च्या सुमारास येथे केवळ एक लहानसे प्रार्थनामंदिर होते. लिस्बनहून आलेले खलाशी मांडवीत शिरताच प्रथम येथे उतरून सुखरूप प्रवासाबद्दल मातेचे आभार मानीत, असे सांगतात. मोठे चर्च १६१९ मध्ये पुरे झाले. जिना मात्र त्यानंतर अडीचशे वर्षांनी, १८७१ मध्ये आला.

छायाचित्रे काढणाऱ्यांची झुंबड या जिन्यावर उडते. आम्हास मात्र माथ्यावरील घंटेचे कौतुक अधिक. ही घंटा पणजीची नव्हेच. ती जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची. रोगराईने ती नगरी ओस पडत गेली, तरी मठ टिकून होता. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले आणि मठ रिकामा झाला. १८४२ मध्ये त्याच्या चर्चचे छत कोसळले. सुदैवाने घंटा आदल्याच वर्षी आग्वादच्या किल्ल्यावर हलविण्यात आली होती. तेथे तीस वर्षे काढून १८७१ मध्ये ती पणजीस आली. गोव्यातील घंटांत आकाराने हिचा क्रमांक दुसरा. पहिला मान से कॅथेड्रलमधील सुवर्णघंटेचा. एवढा भार पेलावा म्हणून दर्शनी भागाचा मधला माथा उंच व भक्कम करावा लागला. म्हणजे ज्या आकृतीवरून आपण हे चर्च दुरून ओळखतो, ती या पाहुणीच्या सोयीसाठी घडली!

पाहुणी एकटी नाही. आत, दक्षिणेकडील कक्षात जी वेदी आहे, ती व्हाइसरॉयच्या राजवाड्यातील प्रार्थनामंदिरातून १९१८ मध्ये येथे आणलेली. हा राजवाडा मूळचा आदिलशहाचा. मुख्य वेदीच्या सोनेरी नक्षीपुढे या कोपऱ्याकडे फारसे कोणी वळत नाही, याचे आम्हास नवल वाटते.

घंटेचे माहेर मात्र वाचले नाही. १९३१ मध्ये मठाच्या चर्चचा दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा ढासळला. उरलेला, सुमारे ४६ मीटर उंचीचा जांभ्या दगडाचा मनोरा आजही तेथे एकाकी उभा आहे. इकडे पणजीत ८ डिसेंबरला मातेचे फेस्त असते. जिन्याखालच्या चौकात फेरी भरते, आणि वरून त्याच मठाची घंटा निनादते.