क्रमांकाचा ताळा

जुन्या शाळेत गुणाकार संपला की मास्तर विचारीत, "ताळा पाहिलास का?" अंकांची बेरीज करावयाची, नऊ-नऊ टाकून द्यावयाचे, आणि उरलेले जुळते की नाही ते बघावयाचे. आपल्या खिशातील बँकेच्या कार्डावर जो बहुधा सोळा आकडी क्रमांक असतो, त्याचा शेवटचा अंक हा असाच ताळ्याचा अंक होय, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

आरंभीचे सहा, किंवा नव्या पद्धतीप्रमाणे आठ, अंक कार्ड देणारी संस्था सांगतात. पहिला अंक ४ असला तर कार्ड व्हिसाचे. मधले अंक धारकाचे. ते असो. खरी मौज शेवटच्या अंकात आहे. ही युक्ती आय. बी. एम. कंपनीतील हान्स पीटर लून यांची. त्यांनी १९५४ साली पेटंटासाठी अर्ज केला; ते १९६० साली मिळाले.

नुसत्या बेरजेने का भागत नाही? अंक उतरवून घेताना माणूस बहुधा दोन तऱ्हांनी चुकतो. एखादा अंक भलताच लिहितो, किंवा शेजारचे दोन अंक उलटे करतो. ८७ आणि ७८ यांची बेरीज एकच, म्हणून दुसरी चूक बेरजेला दिसत नाही. यास्तव लून यांनी एकाआड एक अंक दुप्पट करावयास सांगितले. समजा, क्रमांक ४५८७ आहे. उजवीकडून निघू. ७ ची दुप्पट १४, त्यातले एक नि चार मिळून ५, ८ तसाच, ५ ची दुप्पट १०, म्हणजे १, ४ तसाच. एकूण १८. विसाला २ कमी, म्हणून ताळ्याचा अंक २ आणि पूर्ण क्रमांक ४५८७२. आता कोणी ४५७८२ लिहिले तर बेरीज २१ भरते, दहाने भाग जात नाही, आणि यंत्र क्रमांक नाकारते. शेजारच्या अदलाबदलीपैकी ०९ चे ९० झाले तर तेवढे मात्र निसटते. नवाची ही खोड शाळेतल्या ताळ्यातही होतीच!

हे कुलूप नव्हे, हेही सांगितले पाहिजे. बेरीज चोरालाही येते.

बँकेच्या खात्याची गोष्ट निराळी. स्टेट बँकेचा खाते क्रमांक ११ अंकी, पंजाब नॅशनल बँकेचा १६ अंकी. सर्व बँकांना समान असा ताळा त्यांत नाही. आमच्या मंडळाची वर्गणी आम्ही एकदा एक अंक चुकवून धाडली, ती एका अनोळखी गृहस्थाच्या खात्यात जमा झाली. नाव आम्ही अचूक लिहिले होते! परंतु एनईएफटीने आलेली रक्कम केवळ खाते क्रमांक पाहून जमा होते, नाव पडताळले जात नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच स्पष्ट केलेले. रक्कम परत मिळाली ती त्या गृहस्थाने संमती दिली म्हणून.

रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे एप्रिल २०२५ पासून रक्कम धाडण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय बँकांनी केली आहे. यंत्र नाव दाखविते. ते वाचावयाचे काम आपल्याकडे राहिले आहे.