घरच्या माशांसाठी घरचा दिवा

हल्ली खेड्यांतही काही घरांत काचेची पेटी दिसते. पेटीत पाणी, पाण्यात हिरवी झाडे आणि त्यांतून फिरणारे रंगीत मासे. गप्पी मासा तर आपल्या ओळखीचाच आहे. तो डासांच्या अळ्या खातो, म्हणून आरोग्य खात्याची माणसे तो पाण्याच्या टाक्यांत नि डबक्यांत सोडतात. तोच मासा काचेआड ठेवला, की घरातली पोरे तासन्‌तास बघत बसतात.

पेटी आली की दिव्याचा प्रश्न येतो. तयार दिव्याला बरेच पैसे पडतात. मग कोणी साधा बल्बच वायरीला बांधून पाण्यावर टांगतो. हे काम फार धोक्याचे आहे. खाली पाणी, वर वीज आणि मध्ये पोराचा हात! यापेक्षा चांगला दिवा आपल्याला घरी करता येतो. तो कसा करावा आणि त्यापासून घरच्यांना इजा कशी होऊ देऊ नये, हे आपण या पाठात पाहू.

दिवा कशासाठी?

मासे दिव्यावाचून जगतात. दिवा लागतो तो पाण्यातल्या झाडांना आणि आपल्या डोळ्यांना. शेतातले पीक उन्हावर वाढते, तशीच पेटीतली झाडे उजेडावर वाढतात. उजेडात ती पाण्यात प्राणवायू सोडतात. पानांवर बारीक बुडबुडे दिसतात, ते बहुधा त्याचेच.

मग पेटी उन्हातच ठेवली तर? तसे करू नये. उन्हाने पाणी तापते. शिवाय शेवाळ माजते आणि पाणी हिरवेगार होते. म्हणून पेटी सावलीत ठेवावी व उजेड मापून द्यावा.

एलईडी म्हणजे काय?

एलईडी हा अगदी लहान दिवा आहे. त्यात तापून लाल होणारी तार नसते. विशिष्ट पदार्थाच्या एका कणातून वीज गेली, की तो कण उजेड देतो. १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी लाल उजेडाचा एलईडी तयार केला. निळा एलईडी मात्र बरीच वर्षे कोणाला नीट साधला नाही. तो इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या जपानात जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांनी साधला. त्यासाठी २०१४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

निळ्याचे एवढे कौतुक कशाला? तर निळ्या एलईडीवर पिवळ्या पदार्थाचा थर दिला, की उजेड पांढरा दिसतो. घरातला पांढरा एलईडी बंद असताना नीट पाहा. त्यावर पिवळा ठिपका दिसेल. तोच हा थर.

दाब ओळखा

टाकी जितकी उंच, तितके नळाचे पाणी जोरात येते. तो पाण्याचा दाब. विजेलाही असाच दाब असतो. तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरात येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या हाताला एवढ्या दाबाची वीज लागली, तर माणूस दगावू शकतो.

एलईडीच्या पट्टीला मात्र १२ व्होल्ट पुरतात. २३० व्होल्टचा दाब १२ व्होल्टवर आणणारी डबी मिळते. तिला अडॅप्टर म्हणतात. तेव्हा आपला मुख्य नियम असा : पेटीच्या दिव्याला १२ व्होल्टच जोडावेत. २३० व्होल्ट भिंतीपाशीच राहावेत.

इथे एक फसगत होते, ती नीट समजून घ्या. गणपती-दिवाळीला रोषणाईची लांब पट्टी विकत मिळते. तीही एलईडीचीच असते आणि दिसायला सारखीच असते. पण तिच्यातल्या पुष्कळशा पट्ट्या थेट २३० व्होल्टवर चालतात. ती पट्टी पाण्याच्या पेटीवर कधीही लावू नये. डोळ्यांना फरक कळत नाही. तो वाचूनच कळतो.

म्हणून विकत घेण्याआधी पट्टीवरचे आणि अडॅप्टरवरचे अक्षर वाचा. दुकानदार घाई करील, करू द्या. ते आकडे इंग्रजी असतात. आकड्यापुढे दोन बोटे फाकवल्यासारखे अक्षर असेल, तर ते ‘व्ही’, म्हणजे व्होल्ट. घडीच्या शिडीसारखे अक्षर असेल, तर ते ‘ए’, म्हणजे अँपिअर. अडॅप्टरवर ‘आउटपुट’ लिहिलेल्या जागी १२ व्ही आणि २ ए असावे. शेजारी एक आडवी रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा असतात. त्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या खुणा आहेत. एलईडीला तशीच वीज लागते. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण असावी. चार पैसे वाचवायला बेनावाचा अडॅप्टर घेऊ नये. २३० व्होल्ट अडवून धरणारी भिंत तीच आहे.

सामान आणि हिशेब

आपली पेटी २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच धरू. तिला पुढील सामान लागेल. १२ व्होल्टची, वर सिलिकॉनचे आवरण असलेली पांढरी एलईडी पट्टी १ मीटर. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर. अडॅप्टरची पिन जिच्यात बसते अशी, स्क्रूची छोटी डबी. लाल-काळी वायर. अॅल्युमिनियमचा चपटा चॅनेल. सरकत्या खिडक्या करणाऱ्याकडे उरलेला तुकडा मिळतो. आणि पेटीवर झाकायला काच.

पट्टीच्या एका मीटरला १४.४ वॅट लागतात असे धरा. अडॅप्टर १२ गुणिले २, म्हणजे २४ वॅट देतो. म्हणजे त्याच्यावर ताण येत नाही. बैलाला ओढवेल तेवढाच भार गाडीत भरावा, तसेच हे. दिवा रोज ८ तास लावला, तर ३० दिवसांत साधारण साडेतीन ते चार युनिट वीज लागते. ६० वॅटचा जुना बल्ब तेवढाच वेळ लावला, तर १४ युनिटांहून जास्त लागते.

दिवा असा करा

पट्टीवर ठरावीक अंतरावर कात्रीची खूण असते. अशा पट्टीत बहुधा तीन-तीन दिव्यांचा एक गट असतो. खुणेवरच कापावे. दुसरीकडे कापले, तर तो गट लागत नाही. ५० सेंटिमीटरचे दोन तुकडे करा.

चॅनेल पुसून कोरडा करा. त्याच्या खालच्या बाजूला दोन्ही तुकडे शेजारी शेजारी चिकटवा. एलईडी कमी तापतो, पण तापतो. अॅल्युमिनियम ती उष्णता ओढून घेते, त्यामुळे दिवा टिकतो.

पट्टीच्या टोकाला अधिक आणि उणे अशा खुणा असतात. दोन्ही तुकड्यांच्या अधिकला लाल वायर आणि उणेला काळी वायर जोडा. सोल्डर येत नसेल, तर रेडिओ-मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या. कापलेल्या टोकांना पट्टीबरोबर मिळणारी रबरी टोपी घाला. वायरीची दुसरी टोके स्क्रूच्या डबीत, लाल अधिकमध्ये व काळी उणेमध्ये घट्ट करा. दिवा लागला नाही, तर बहुधा वायरी उलट जोडल्या गेल्या असतील. प्लग काढून त्या बदला.

आता पेटीवर काच झाका. हवा जायला आणि दाणा टाकायला एक कोपरा मोकळा ठेवा. दिव्याचा चॅनेल काचेच्या वर ठेवा, खाली नाही. मासा उडी मारतो, पाणी उडते, वाफ धरते. ते सारे काचेला लागते, दिव्याला नाही.

पाण्याची वाट अडवा

थेंब वायरीवरून घरंगळत थेट प्लगापर्यंत पोहोचतो. म्हणून वायरीला खाली झोल द्या. झोल प्लगाच्या खाली यावा. मग थेंब झोलातून जमिनीवर पडतो, प्लगात जात नाही. प्लग आणि अडॅप्टर भिंतीवर उंच ठेवा. पेटीच्या झाकणावर अडॅप्टर ठेवू नका.

आणखी एक गोष्ट. पाणी खेळवणारा पंप बहुधा २३० व्होल्टवर चालतो. तेव्हा पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढावेत. नुसते बटण बंद करून भागत नाही. ही सवय पोरांनाही लावा. वीज गळताच प्रवाह तोडणारे यंत्र मिळते. त्याला आरसीसीबी म्हणतात. ३० मिलिअँपिअरचे यंत्र वायरमनकडून घरात बसवून घ्यावे. ते साऱ्या घराच्या कामी येते.

किती वेळ लावावा?

सुरुवातीला रोज ६ तास पुरे. झाडे सुकू लागली, तर ८ तास करा. पाणी हिरवे होऊ लागले, तर वेळ कमी करा आणि दाणाही कमी टाका. उरलेला दाणा कुजला की शेवाळाला खत मिळते.

रात्री मात्र दिवा बंदच हवा. या माशांना पापण्या नसतात. त्यांना डोळे मिटून घेता येत नाहीत. त्यांना रात्र द्यायची ती आपणच.

दिवा झाला, की पहिल्या दिवशी तासाभराने अडॅप्टरला हात लावून पाहा. तो कोमट असला तर ठीक. चटका बसला, तर प्लग काढा आणि अडॅप्टर बदला. मग निर्धास्तपणे पोरांना पेटीजवळ बसू द्या. आणि अडॅप्टरवरचे आकडे त्यांच्याकडूनही एकदा वाचून घ्या.